सम्मेदशिखराची वाट : सत्तावीस किलोमीटरांचा इतिहास

मधुबनात पहाटे दोनच्या सुमारास धर्मशाळांची दारे उघडू लागतात. अंधार अजून गडद असतो. हातात काठी, पदराला किंवा पिशवीत अक्षता-बदामाची पुडी, पाय अनवाणी आणि ओठांवर णमोकार मंत्र अशा अवस्थेत यात्रेकरू बाहेर पडतात. थोड्याच वेळात विजेऱ्यांच्या प्रकाशाची एक लांबलचक माळ पर्वताच्या अंगावर वळणे घेत चढताना दिसू लागते. आपल्या समाजातील बहुतेक घरांत निदान एका वडीलधाऱ्या व्यक्तीने या माळेतील एक दिवा होऊन ही वाट तुडविली आहे. परतल्यावर त्या व्यक्तीच्या बोलण्यात शिखराचे वर्णन थोडे आणि वाटेचे वर्णन अधिक असते. कुठे दम लागला, कुठे धुके उतरले, कोणत्या अनोळखी यात्रेकरूने हात दिला, हेच पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी श्री सम्मेदशिखरजीविषयी लिहिताना याच वाटेचा इतिहास सुज्ञ वाचकांसमोर ठेवावा, असा हेतू आहे. क्षेत्राचे माहात्म्य आपण सर्व जाणतोच. परंतु ही वाट आपल्यापर्यंत कशी टिकून आली, कोणकोणत्या संकटांतून गेली आणि ती टिकविताना आपल्या पूर्वजांनी काय मिळविले व काय गमावले, याचा विचार क्वचितच होतो.

सिद्धभूमीचे स्थान

चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर या पर्वतावरून मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे. भगवान आदिनाथांचे निर्वाण कैलास अर्थात अष्टापद येथे, वासुपूज्यांचे चंपापूर येथे, नेमिनाथांचे गिरनारवर आणि महावीरांचे पावापुरी येथे झाले. उरलेल्या सर्वांची निर्वाणभूमी सम्मेदशिखर हीच होय. श्वेतांबर आगमांपैकी नायाधम्मकहाओमध्ये एकोणिसाव्या तीर्थंकर मल्लीच्या निर्वाणाच्या संदर्भात या पर्वताचा उल्लेख येतो, तर कल्पसूत्रात भगवान पार्श्वनाथांच्या निर्वाणाच्या संदर्भात तो येतो. दिगंबर परंपरेच्या प्राकृत निर्वाणकांडातही वीस जिनेश्वरांची निर्वाणभूमी म्हणून याच शिखराला वंदन आहे. दोन्ही शाखांचे अनेक बाबतींत मतभेद आहेत, पण या पर्वताच्या पावित्र्याविषयी त्यांत कधीही दुमत झाले नाही.

भूगोलाच्या दृष्टीने हा पर्वत झारखंड राज्याच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. तेवीसाव्या तीर्थंकरांवरून त्यास पारसनाथ हे नाव पडले. उंची १३६५ मीटर, म्हणजे सुमारे ४४८० फूट, असून झारखंडमधील हे सर्वोच्च शिखर होय. भोवतालचा प्रदेश सखल असल्याने पर्वत एकाएकी उभा राहिलेला दिसतो. दक्षिण पायथ्याजवळून जुना ग्रँड ट्रंक रस्ता जातो, तर उत्तर पायथ्याशी मधुबन वसले आहे. तेथे दिगंबरांच्या तेरापंथी व बीसपंथी कोठ्या आणि श्वेतांबर कोठी अशा तीन जुन्या संस्था आहेत.

वाट कशी आहे

वंदनेची एकूण वाट सत्तावीस किलोमीटरांची मानली जाते. नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर शिखरांवरील फेरी आणि नऊ किलोमीटर उतरण. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे हजार मीटर उंची चढावी लागते. आरंभी वनराईतून जाणारी वाट फारशी कठीण वाटत नाही. गंधर्व नाल्यापर्यंत गप्पागोष्टी चालू असतात. पुढे सीतानाला लागतो. दिगंबर यात्रेकरू येथील पाण्याने पूजेचे द्रव्य धुऊन घेतात. यानंतर मात्र चढ अंगावर येऊ लागतो, बोलणे आपोआप थांबते आणि ज्याला त्याला आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागतो.

उजाडण्याच्या सुमारास यात्रेकरू गौतम गणधरांच्या टोंकापाशी पोहोचतात. येथून खरी वंदना सुरू होते. कुंथुनाथांचे ज्ञानधर कूट, नमिनाथांचे मित्रधर कूट, अरनाथांचे नाटक कूट असे एकेक टोंक घेत वाट पूर्वेकडे जाते. चंद्रप्रभूंचे ललित कूट इतर टोंकांपासून दूर, एका स्वतंत्र शिखरावर आहे. तेथे जाऊन परत येणे ही वंदनेतील एक मोठी कसोटी होय. बरोबरचे अनेकजण 'येथूनच हात जोडू' असे म्हणतात आणि मग कोणी सत्तरीतील आजी काठी टेकीत पुढे निघाली, की तेच लाजून तिच्यामागे चालू लागतात. मध्यभागी जलमंदिर आहे. तेथून वाट पश्चिमेकडील टोंकांना वळते आणि अखेरीस सर्वोच्च स्थानी, भगवान पार्श्वनाथांच्या सुवर्णभद्र कूटावर पोहोचते.

एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जलमंदिराचा अपवाद सोडता या टोंकांवर मूर्ती नाहीत, चरणपादुका आहेत. शेकडो किलोमीटरांवरून आलेला यात्रेकरू रात्रभर चालून ज्याच्यासमोर मस्तक नमवितो, ते असते एक पदचिन्ह. येथून कोणीतरी चालत गेले आणि पुन्हा जन्मास आले नाही, एवढेच ते सांगते. चालून आलेल्या पायांनी चालून गेलेल्या पायांना केलेले वंदन, असे या यात्रेचे स्वरूप आहे. म्हणूनच येथे वाट हे निव्वळ साधन राहत नाही, तीच उपासना होते.

चारशे वर्षांपूर्वीचा संघ

आगगाडीच्या पूर्वी ही यात्रा म्हणजे जिवाशी खेळ होता. याची एक विश्वसनीय नोंद कवी बनारसीदासांच्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात सापडते. १६४१ साली आग्रा येथे पूर्ण झालेल्या या ग्रंथात विक्रम संवत १६६१, म्हणजे इसवी सन १६०४ मधील एका संघयात्रेची हकीकत आहे. शाहजादा सलीम याचे जवाहिरे हीरानंद मुकीम यांनी सम्मेदशिखरास संघ काढला आणि गावोगावच्या श्रावकांना पत्रे पाठविली. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्या संघात सामील झाले. यात्रा सफल झाली, परंतु अनेकांना पाणी बाधले, पुष्कळजण आजारी पडले आणि काहींना प्राणही गमवावे लागले. खरगसेन स्वतः आजारी अवस्थेत कसेबसे घरी पोहोचले.

या हकीकतीत चमत्कार नाही, अलंकारही नाहीत. व्यापारी कुटुंबातील एक माणूस यात्रेस जातो आणि अत्यवस्थ होऊन परततो, एवढेच. तरीही पुढील पिढ्यांतील माणसे जातच राहिली. डोंगराळ व दाट अरण्याच्या त्या मुलखात ना राजाश्रयाची खात्री होती ना वैद्याची सोय. अशा काळी ही वाट लोकांच्या पायांनीच मोकळी ठेवली. ज्या वाटेवरून कोणी जात नाही तिच्यावर दोन पावसाळ्यांत रान माजते, हे शेतीवाडी करणाऱ्या आपल्या समाजास सांगावयास नको.

जीर्णोद्धार

आज दिसणाऱ्या टोंकांना बरेचसे रूप अठराव्या शतकातील जीर्णोद्धाराने आले. मुर्शिदाबादच्या जगत्सेठ घराण्याने विक्रम संवत १८२५ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १७६८-६९ च्या आसपास, हे कार्य हाती घेतले. तो काळ बंगालच्या इतिहासातील अत्यंत अस्थिर काळ होता. प्लासीची लढाई १७५७ मध्ये होऊन गेली होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती १७६५ मध्ये बंगालची दिवाणी आली होती आणि जगत्सेठांचे वैभव उतरणीस लागले होते. नवाबांना कर्ज देणाऱ्या त्या पेढीचे आज नाव तेवढे उरले आहे. डोंगरमाथ्यावर त्यांनी उभारलेल्या छत्र्यांपाशी मात्र यात्रेकरू अजूनही विसावतात. द्रव्याचा विनियोग कोठे केला असता तो टिकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण विरळाच.

इंग्रजी अंमलातील संकटे

एकोणिसाव्या शतकात पर्वताकडे एका निराळ्या दृष्टीने पाहणारे लोक आले. उंच जागा, थंड हवा, मोकळे आकाश एवढेच त्यांना दिसले. आजारी गोऱ्या सैनिकांना विश्रांती मिळावी म्हणून सरकारने पर्वतावर इमारती बांधल्या व १८६५ मध्ये तेथे आरोग्यधाम सुरू केले. परंतु पाणी अपुरे पडले, सपाट जागाही मर्यादित होती. तीनच वर्षांत, १८६८ मध्ये, ते बंद करावे लागले. ज्या पर्वतावर अन्नपाणी न घेता वंदना करण्याचा आपला प्रघात, तेथे वस्ती करू पाहणाऱ्यांना पाण्यावाचून परतावे लागले.

दुसरे संकट अधिक गंभीर होते. बोडम नावाच्या एका इंग्रजाने पर्वतावर भाडेपट्ट्याने मिळविलेल्या जमिनीत डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना सुरू केला. अहिंसेच्या या परमतीर्थावर असा कारखाना निघाल्याचे वृत्त पसरताच देशभरातील जैन समाज हादरला. खालच्या न्यायालयात यश आले नाही. तेव्हा मुंबईच्या जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे तरुण चिटणीस वीरचंद राघवजी गांधी यांनी हे काम अंगावर घेतले. जुने दस्तऐवज समजून घेता यावेत म्हणून त्यांनी कोलकात्यास सहा महिने राहून बंगाली भाषा आत्मसात केली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. अखेरीस कोलकात्याच्या उच्च न्यायालयात निर्णय आपल्या बाजूने लागला आणि कारखाना बंद पडला. हेच वीरचंद गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. शिकागोच्या भाषणासाठी त्यांना आपण आठवतो. एका डोंगरासाठी परकी लिपी गिरवीत घालविलेले त्यांचे सहा महिने आपण फारसे आठवीत नाही.

आगगाडीमुळे दरम्यान यात्रेचे स्वरूप पालटू लागले होते. आधी गिरिडीहपर्यंत रूळ आले व तेथून बैलगाड्यांनी मधुबन गाठता येऊ लागले. पुढे १९०६ मध्ये ग्रँड कॉर्ड मार्ग सुरू झाल्यावर इसरी येथील पारसनाथ स्थानक सोयीचे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी गॅझेटिअरने दरवर्षी दहा हजारांपर्यंत यात्रेकरू येतात अशी नोंद केली. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली. हिराबागेतून चालणाऱ्या या संस्थेच्या कार्यात शिखरजीच्या रक्षणाला अग्रस्थान होते.

दोन शाखा, एक पर्वत

येथवरचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. पुढील भाग तितक्या सहजतेने सांगता येत नाही, पण स्मरणिका ही केवळ गौरवासाठी नसते.

आनंदजी कल्याणजी पेढीने १९१८ मध्ये पालगंजच्या राजाकडून हा पर्वत दोन लक्ष बेचाळीस हजार रुपयांस खरेदी केला. परक्यांच्या हाती तो पुन्हा जाऊ नये, ही त्यामागील भावना समजण्यासारखी होती. परंतु ही पेढी श्वेतांबर समाजाची असल्याने आपल्या वंदनेच्या हक्काचे काय होणार, अशी शंका दिगंबर समाजास आली. पूजेच्या हक्कावरून तंटा त्यापूर्वीच न्यायालयात गेला होता. हजारीबागेच्या न्यायालयापासून पाटण्याच्या उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाव्यांची मालिका चालली. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांच्या नावाने चाललेल्या दाव्याचा अंतिम निकाल १९३३ मध्ये लागला.

या दाव्यांतील एक मुद्दा आज वाचताना अंतर्मुख करतो. टोंकांवरील चरण कसे असावेत, हा तो मुद्दा. दिगंबरांचे म्हणणे असे की, पूजनीय आहे ते पावलाचे उमटलेले चिन्ह. नखांसहित घडविलेला पाय हा शरीराचा तुटलेला अवयव ठरतो व त्याची पूजा होऊ शकत नाही. श्वेतांबरांना नखांसहित चरण पूज्य वाटत. आपापल्या आम्नायानुसार दोन्ही भूमिका प्रामाणिक होत्या. तथापि पावलाचा ठसा उमटलेला आहे की उठावाचा, याचा निर्णय सातासमुद्रापलीकडील न्यायाधीशांनी करावयाचा होता. जिनशासनाशी त्यांचा परिचय कागदपत्रांपुरता होता आणि पर्वताची एक पायरीही ते चढलेले नव्हते. दोन्ही बाजूंचा अमाप पैसा आणि दोन पिढ्यांची उमेद त्यात खर्ची पडली.

इतके होऊनही पहाटेच्या अंधारात चढणाऱ्या दिव्यांच्या माळेत दिगंबर कोण आणि श्वेतांबर कोण, हे त्या काळीही ओळखता येत नसणार. वाट एकच होती. कागदावर पर्वत कोणाचा, हा प्रश्न वीस वर्षे चालला. पर्वत चढावा कसा, याविषयी वाद कधी झालाच नाही. पुढील काळात झालेले सलोख्याचे प्रयत्न पाहता, ही वाट आपल्या न्यायालयीन कागदांपेक्षा शहाणी ठरली, असे म्हणावेसे वाटते.

कुंभोजहून शिखरजीपर्यंत

याच वादाच्या काळात महाराष्ट्राच्या मातीतून एक वेगळे उत्तर निघाले. भोजजवळच्या येळगूळ येथे १८७२ मध्ये जन्मलेले चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज १९२७ मध्ये आपल्या संघासह कुंभोज-बाहुबलीहून शिखरजीकडे निघाले. मुंबईचे शेठ पूनमचंद घासीलाल जव्हेरी हे संघपती होते. दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, तेही पायी, दिवसातून एकदाच आहार घेऊन आणि दिगंबर अवस्थेत. निजामाच्या मुलखातून, नागपुरावरून, मध्य प्रांताच्या अरण्यांतून वाट काढीत संघ १९२८ च्या आरंभी शिखरजीस पोहोचला. तेथे पंचकल्याणक महोत्सव झाला.

दिगंबर मुनींचा उघड विहार त्या काळी अनेक ठिकाणी दुर्मिळ झालेला होता. उत्तरेकडील कित्येक श्रावकांनी त्यापूर्वी आयुष्यात मुनिदर्शन घेतले नव्हते. गावागावांतून लोक संघाच्या सोबतीस आले, काही मजल चालले आणि परतले. त्यानंतर महाराज उत्तरेतच विहार करीत राहिले व १९२८ चा चातुर्मास कटनी येथे झाला. यात्रा शिखरापर्यंतची होती, पण जागृती तिच्या संपूर्ण मार्गावर घडली. महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला. दक्षिण महाराष्ट्रातील वृद्ध मंडळींच्या आठवणींत त्या समाधीचे दिवस आणि त्यापूर्वीच्या संघयात्रेच्या ऐकीव कथा एकमेकींत मिसळून गेलेल्या आढळतात.

पुढे पूज्य गणेशप्रसाद वर्णी यांनी जीवनाची अखेरची वर्षे पर्वताच्या पायथ्याशी इसरी येथे घालविली आणि १९६१ मध्ये तेथेच समाधिमरण स्वीकारले. ज्यांचे पाय थकले होते, त्यांनाही शिखर दृष्टीसमोर असणे पुरेसे वाटले.

स्वातंत्र्यानंतर

जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यामुळे पर्वत बिहार सरकारकडे गेला आणि ज्या मालकीसाठी दोन पक्ष इतकी वर्षे झगडले, ती दोघांचीही राहिली नाही. पर्वत व भोवतालचे वन १९८४ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. झारखंड राज्य २००० साली अस्तित्वात आले.

केंद्र शासनाने २ ऑगस्ट २०१९ रोजी अभयारण्याभोवतीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्या अधिसूचनेत पर्यावरणीय पर्यटनाची तरतूद होती. तीर्थक्षेत्राचे सहलीच्या ठिकाणात रूपांतर होईल, मद्यमांस पर्वतावर पोहोचेल, या भीतीने समाज अस्वस्थ झाला. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी मुंबई-दिल्लीपासून लहानसहान गावांपर्यंत मूक मोर्चे निघाले, व्यापारपेठा बंद राहिल्या. मुनी सुज्ञेयसागर महाराज यांनी जयपूर येथे २५ डिसेंबर २०२२ पासून उपोषण आरंभिले होते. ३ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी देहत्याग केला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. पर्वतावर मद्यमांस नेणे, मोठ्या आवाजात संगीत वाजविणे, विनापरवाना तळ ठोकणे व गिर्यारोहण करणे यांवरील निर्बंध काटेकोरपणे पाळण्याचे आदेशही दिले. श्वेतांबर आणि दिगंबर या प्रसंगी एका मोर्चात, एका घोषणेखाली चालले. १९३३ च्या निकालानंतर नव्वद वर्षांनी घडलेली ही गोष्ट इतिहासाने आवर्जून नोंदवावी अशी आहे.

मारंग बुरू

या विजयाच्या आनंदात आणखी एक आवाज आपल्या कानी पडला पाहिजे. या पर्वताभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणारा संथाल समाज यास 'मारंग बुरू', म्हणजे थोर पर्वत, म्हणतो व देवस्थान मानतो. आपल्या आंदोलनानंतर अवघ्या काही दिवसांत, १० जानेवारी २०२३ रोजी, आदिवासी बांधव मोठ्या संख्येने मधुबनात जमले आणि पर्वतावरील आपल्या परंपरागत श्रद्धेचा व हक्कांचा विसर पडू नये, अशी मागणी त्यांनी केली.

या प्रश्नात धार्मिक आचारांचा खरा फरक आहे, तो नाकारून चालणार नाही. आपण हिंसेला विरोध करू आणि करावाच. परंतु ज्या डोलीतून आपली वृद्ध आई चंद्रप्रभूंच्या टोंकापर्यंत जाते, ती डोली खांद्यावर घेणारा माणूस याच भोवतालच्या गावांतला असतो. तो तीच वाट तशाच अंधारात, ओझ्यासहित आणि आपल्याहून अधिक वेळा चढलेला असतो. त्याच्याशी आपण भाड्याची घासाघीस करून बोलतो की त्याचे नाव विचारून बोलतो, यावरही तीर्थाचे भवितव्य अवलंबून आहे. अनेकान्ताचा सिद्धान्त जगाला देणाऱ्या समाजाने आपल्याच तीर्थाच्या पायथ्याशी दुसऱ्याची बाजू ऐकून घेतली नाही, तर ती शोभा देणारी गोष्ट होणार नाही.

आपल्याकडून काय अपेक्षित आहे

न्यायालयाचे निकाल, शासनाचे आदेश, खरेदीखते ही सर्व तीर्थाच्या भोवतीची कुंपणे आहेत. ती आवश्यक आहेत. पण कुंपणाच्या आत आपण कसे वागतो, हे कोणताही आदेश ठरवू शकत नाही. पर्यटनाला विरोध करणारा समाज स्वतः पर्यटकासारखा वागू लागला, तर ती स्थगिती कोणाचे रक्षण करणार? वाटेवर टाकलेली पाण्याची बाटली, टोंकापाशी छायाचित्रासाठी केलेली रेटारेटी, 'किती तासांत वंदना केली' याची चढाओढ, ही लक्षणे सहलीची आहेत. शिखर गाठणे हा गिर्यारोहकाचा हेतू असतो आणि तो त्याच्या जागी योग्यच आहे. वंदना करणाऱ्याला मात्र प्रत्येक टोंकावर वाकावे लागते. जो पंचविसांहून अधिक वेळा वाकून सर्वोच्च स्थानी पोहोचतो, त्याच्या मनात 'मी चढलो' हा भाव उरू नये, अशीच या वाटेची रचना आहे.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली. पन्नास वर्षांत संस्थेपाशी इमारत येते, ठेवी येतात, नियमावली येते. त्यांबरोबर मालकीची भावनाही नकळत येते. शिखरजीचा इतिहास त्या भावनेवरचा उतारा आहे. राजाने पर्वत विकला, पेढीने घेतला, कायद्याने तो शासनाकडे गेला. यांपैकी कोणाच्याही हाती तो कायम राहिला नाही. पालगंजचे राज्य गेले, जगत्सेठांची पेढी गेली, आरोग्यधामाचे गोरे सैनिक गेले, कारखानाही गेला. राहिली ती वाट. ती राहिली कारण खरगसेनांसारखे आजारी पडूनही लोक चालत आले, वीरचंदांसारख्यांनी तिच्यासाठी परकी भाषा शिकून घेतली, आचार्यश्री कुंभोजहून चालत गेले आणि आपल्या आजी-आजोबांनी वर्षानुवर्षे पै-पैसा साठवून एकदा तरी ती तुडविली.

भावपूर्वक एक वंदना घडली तरी नरक व तिर्यंच गती चुकते, असे आपल्याकडे श्रद्धेने म्हटले जाते. त्यातील 'भावपूर्वक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढील पिढीला आपण शिखरजीस नेऊ तेव्हा तिला टोंकांची नावे शिकवावीत, इतिहास सांगावा आणि सीतानाल्यापुढे बोलणे थांबते तेथे तिला शांतपणे चालू द्यावे. वाट आपले काम करील. ती गेली कित्येक शतके करीत आली आहे.

॥ जय जिनेंद्र ॥